एकशे बारा भागाकार

माझा मामा टेलिफोन ऑफिसात होता. नवीन फोन घ्यायला येणाऱ्या लोकांना नंबर द्यायचं काम त्याच्याकडे होतं. खिडकी क्रमांक चार. काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक होतं आणि ते इतकं खाली होतं की भल्याभल्यांना मामासमोर वाकावं लागायचं. मामाला त्याचं काही वाटत नसे. वाकल्याशिवाय आकडे नीट ऐकू येत नाहीत, असं तो म्हणायचा.

नियमाप्रमाणे यादीतला पुढचा रिकामा नंबर उचलून द्यायचा, एवढंच काम. पण यादीत एका वेळी चाळीस-पन्नास नंबर मोकळे असायचे, त्यातला कुठला कुणाला द्यायचा हे बघायला वरून कुणी येत नसे. तेवढ्या फटीत मामाने आपला सगळा संसार मांडला होता. कुठलाही आकडा समोर आला की त्याला कशाकशाने भाग जातो हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. भाग जाऊन खाली शून्य उरलं की त्याचा चेहरा असा उजळायचा की जणू हरवलेली छत्री सापडली. म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं 'बाकीशून्य'. हे नाव त्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही. उलट म्हणाला, "मूळ संख्येला हे लागू नाही, तेवढं लक्षात ठेवा."

आमच्या गावात तेव्हा सहा आकडी नंबर होते. मामाच्या लेखी त्यांच्या जाती ठरलेल्या होत्या आणि जातींची नावं त्याची त्यानेच पाडलेली. एखाद्या संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज मूळ आकड्यापेक्षा जास्त आली तर ती संख्या 'उधळी', कमी आली तर 'काटकसरी'. बारा उधळी, कारण एक, दोन, तीन, चार आणि सहा मिळून सोळा होतात. दहा काटकसरी, कारण एक, दोन, पाच मिळून आठच. बरोबर तेवढीच बेरीज आली, जशी सहाची येते किंवा अठ्ठावीसची, तर ती 'परिपूर्ण'. सहा आकड्यांत परिपूर्ण संख्या एकही नाही, याचं मामाला घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख होतं.

आणि मूळ संख्या? जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती? तिच्याबद्दल मामा आवाज खाली आणून बोलायचा.

"लक्षात राहील असा नंबर द्या बघू," एकदा एक सुतार खिडकीत वाकून म्हणाला.

"पाच लाख एकतीस हजार चारशे एकेचाळीस."

"यात लक्षात राहण्यासारखं काय आहे?"

"काय नाही ते विचारा. सातशे एकोणतीसचा वर्ग आहे. शिवाय एक्याऐंशीचा घन आहे. चौरस फळी करा की चौकोनी खोका करा, दोन्हींत बसतो. सुताराला याहून बरा नंबर सबंध यादीत नाही."

"अहो, पण मला फोन करणाऱ्याची खुर्ची मोडलेली असते. त्याला घन कुठे सांगत बसू?"

"खुर्ची होईपर्यंत वेळ असतोच की," मामा म्हणाला आणि शिक्का मारून मोकळा झाला.

सिनेमा थिएटरच्या मालकाला उलटसुलट सारखा वाचता येईल असा नंबर हवा होता. प्रतिष्ठेचा प्रश्न होता. मामाने तीन लाख सत्तावन्न हजार सातशे त्रेपन्न काढून दिला, पण देताना राहवलं नाही. "साहेब, देतो, पण एक सांगून ठेवतो. या जातीच्या कुठल्याही सहा आकडी संख्येला अकराने भाग जातोच जातो. नंतर म्हणाल सांगितलं नाही." मालक पुन्हा भोकापाशी वाकला. त्याने विचारलं, "म्हणजे फोन लागतो ना?"

आणि सात लाख वीस हजार सातशे वीस हा नंबर मोकळा झाला तेव्हा तर तो मागायला मोठमोठी माणसं आली होती. मामाने तो बेकरीवाल्यांना दिला. बेकरीवाल्यांच्या घरात तेव्हा तेरा माणसं होती आणि रोज भांडणं. या संख्येला एकापासून सोळापर्यंत प्रत्येक आकड्याने भाग जातो, भाजक मोजले तर दोनशे चाळीस. "घ्या," मामा म्हणाला, "घरात सोळा माणसं होईपर्यंत वाटणीवरून तंटा नको." पुढे काही वर्षांनी त्यांच्याकडे धाकटी सून आली. ती सतरावी. सहा महिन्यांत दोन चुली झाल्या. मामा कित्येक दिवस रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होता, की मी आधीच बजावलं होतं.

आता त्याच्या स्वतःच्या नंबराविषयी.

ऑफिसातल्या लोकांना घरी फोन सगळ्यात शेवटी मिळायचा. मामाचा अर्ज अकरा वर्षं पडून होता. अखेर मंजुरी आली, तेव्हा यादीत चाळीस नंबर मोकळे होते. ते त्याने एका कागदावर घरी उतरवून आणले आणि लग्नाच्या पोरीसाठी स्थळं बघावीत तसे बघायला लागला. सम संख्या पहिल्याच दिवशी गेल्या. मग तीन, पाच, सात, अकरा, तेराने कटणाऱ्या. शेवटी एकच उरला, ज्याच्यावर त्याचा जीव बसला. तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे एकवीस.

ही मूळ संख्या आहे, असं मामाचं मन सांगत होतं. पण मनाच्या सांगण्यावर तो भाजीसुद्धा घेत नसे. संख्या मूळ आहे हे ठरवायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग घालून बघावा लागतो. वर्गमूळ सहाशे पंधराच्या किंचित अलीकडे. तिथवरच्या मूळ संख्या किती? एकशे बारा. म्हणजे भागाकार एकशे बारा. ऑफिसात हिशेबाचं यंत्र होतं, पण यंत्रावर भागाकार करणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं, असं त्याचं मत. त्याने दोनशे पानी वही आणली, आधी सगळ्या मूळ संख्यांची यादी केली आणि मग रोज संध्याकाळी पाच-सहा भागाकार, असं करत तीन आठवडे बसला. त्या तीन आठवड्यांत मामीने त्याला एकही काम सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नव्हता. शेवटचा भागाकार झाला, बाकी उरली, आणि मामा उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघून म्हणाला, "मूळ आहे."

खाली भाजीवाला होता. त्याला वाटलं मुळा मागताहेत.

फोन आला. मामाने दारावर पितळी पाटी लावली. नाव नाही, गाव नाही. फक्त सहा आकडे आणि खाली 'मूळ संख्या'. टपालवाला कितीतरी दिवस 'श्री. मूळ' या नावाची पत्रं शोधत होता. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला वही दाखवली जाई. माझ्या लग्नात मामाने माझ्या नवऱ्याची ओळख करून घेतली ती अशी: "आमच्या नंबराला भाग जात नाही. बाकी तुम्ही काय करता?"

असं एकोणीस वर्षं चाललं.

आता मामीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिने केलं. मामी फरश्यांच्या कारखान्यात होती. नकाशे बघायचे, मापं घ्यायची आणि कुठल्या खोलीला किती फरश्या लागतील ते काढायचं. पुठ्ठ्याची पाटी मांडीवर, पेन्सिल कानामागे, टेबलावर लाल, करड्या, पांढऱ्या नमुन्यांच्या चवडी. तिचा आकडा चुकला तर गवंडी अडून बसायचे, म्हणून तो चुकायचा नाही. मामा मात्र तिला चिडवायचा.

"तुझं काय, लांबी गुणिले रुंदी. गुणाकार कुणीही करेल. भागाकाराला माणूस लागतो."

"लागतो ना," मामी म्हणायची, "म्हणून तर तीन आठवडे पंखा दुरुस्त करायला माणूस नव्हता."

मामाच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट. कारखान्याकडे नव्या वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं काम आलं होतं. दोन इंची चौकोनी फरशी. कागदावर दालन चौरस, दोन्हीकडे सहाशे पंधरा फरश्या. शेवटी पाच असलेल्या आकड्याचा वर्ग मामी तोंडी करायची: एकसष्ट गुणिले बासष्ट, पुढे पंचवीस. तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे पंचवीस. तेवढ्या फरश्या बांधून गेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी गवंडी परत आला. टोपी हातात.

"बाई, ते दालन चौरस नाही हो. एका बाजूने चार इंच कमी भरतंय आणि दुसऱ्या बाजूने चार इंच जास्त."

"म्हणजे इकडे दोन ओळी कमी, तिकडे दोन जास्त."

"तेच. फरश्या पुरतील ना? नाहीतर पुन्हा भट्टी लावायला लागेल, आणि रंग काही जुळायचा नाही."

मामीने पाटी ओढली. सहाशे तेरा गुणिले सहाशे सतरा. तीन ओळींचा गुणाकार. खाली रेघ मारली आणि बेरीज केली.

"पुरतील," ती म्हणाली. "चार उरतील."

"बघा! चौरसाला जितक्या, तितक्याच जवळजवळ," गवंडी खूश होऊन गेला.

मामी पाटीकडे बघत राहिली. रेघेखाली तिच्या हातचे सहा आकडे होते. तीन, सात, आठ, दोन, दोन, एक. रोज दारातून येता-जाता दिसणारे.

तासाभराने तिने मला फोन केला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं.

"तुझ्या मामाच्या नंबराला भाग जातो."

"कशाने?"

"सहाशे तेराने. सहाशे सतरा वेळा. बाकी शून्य."

मी खुर्चीवर बसले. "मामाला सांगितलंस?"

"कसं सांगू? अगं, एकोणीस वर्षं मी वाट बघतेय या माणसाला एकदा तरी हिशेबात पकडायची. आणि सापडला तर असा सापडला! याला काय चिडवायचं?" मग म्हणाली, "निरोपसमारंभात भाषण करणार आहे तो. या नंबरावर. अकरा पानं झालीत."

पुढचे चार दिवस आम्ही दोघी रोज बोलत होतो. मी म्हणे, नको सांगूस, म्हातारपणी काय बिघडतंय? नंबर लागतो ना? मामी म्हणे, सव्वाशे लोकांसमोर खोटं बोलणार आहे तो, आणि खोटं आहे हे मला ठाऊक आहे, मग मी पहिल्या रांगेत बसून काय करू, टाळ्या वाजवू? मी म्हटलं, मग सांग. ती म्हणाली, तू सांग. मी म्हटलं, मी भाची आहे, मला कशाला मध्ये ओढतेस?

शेवटी तिनेच सांगितलं. सकाळची वेळ. मामा भाषण मोठ्याने वाचून दाखवत होता, सातव्या पानावर आला होता. मामी हात पुसत बाहेर आली.

"अहो, एक विचारू? सहाशे तेराने भाग घालून पाहिला होता का?"

"सगळ्यांनी पाहिला होता. एकशे बारा भागाकार आहेत वहीत."

"वही बघा तरी."

मामाने वही काढली. शेवटचं पान उघडलं. पाचशे नव्व्याण्णव, सहाशे एक, सहाशे सात, सहाशे अकरा. वही संपली.

सहाशे अकरा! मूळ संख्यांची यादी करताना मामाने सहाशे अकरा ठेवला होता आणि सहाशे तेरावर काट मारली होती. खरं तर सहाशे अकरा म्हणजे तेरा गुणिले सत्तेचाळीस. कटायचा होता तो राहिला, राहायचा तो कटला. आणि एकाची जागा दुसऱ्याने घेतल्यामुळे मोजणी बरोबर एकशे बारा भरली. म्हणून त्याला कधी शंकाही आली नाही.

मामाने भाषणाचं सातवं पान उलटं केलं आणि मागे पेन्सिलीने गुणाकार मांडला. एकदा केला. मग गुण्य-गुणक उलटे करून पुन्हा केला. हे सांगताना मामीलाही हसू येतं. उत्तर तेच.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि आज शनिवार."

"हो."

मामा आत जाऊन झोपला. सकाळी दहा वाजता झोपणारा माणूस नव्हता तो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरातला फोन वाजला की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मी फोन केला तर मामीच बोलली. "जेवतोय," म्हणाली, "पण मीठ कमी आहे की जास्त ते सांगत नाही." हे ऐकून मला खरी काळजी वाटली. दारावरची पाटी त्याने पेचकस घेऊन काढायला घेतली होती, पण चारपैकी एक स्क्रू गंजलेला निघाला, म्हणून ती वाकडी लटकत राहिली.

रविवारी संध्याकाळी मामी त्याच्याजवळ जाऊन बसली. हातात पाटी-पेन्सिल. तिने त्याला चौरस काढून दाखवला. सहाशे पंधरा ओळी, प्रत्येकीत सहाशे पंधरा फरश्या. "त्यातल्या दोन ओळी खालून उचला. त्यातल्या चार फरश्या बाजूला ठेवा. उरलेल्या फरश्या कडेला उभ्या दोन ओळी करून लावा. बघा कशा चपखल बसतात."

मामाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पहिल्यांदा त्याचा आवाज निघाला.

"म्हणजे वर्गापेक्षा चारच कमी. हे मला एका नजरेत दिसायला हवं होतं."

"तुम्ही भागत बसलात."

"आणि दोघेही मूळ आहेत," मामा हळूच म्हणाला. "सहाशे तेरा मूळ. सहाशे सतराही मूळ. एक आणि ती स्वतः सोडली तर या संख्येला दोघांशिवाय तिसरा कुणी भाजकच नाही. हीसुद्धा एक जात आहे, बरं का. दोन मुळांची. वाईट नाही. अजिबात वाईट नाही." आणि त्याने विचारलं, "आज आमटीत मीठ जास्त होतं का गं?"

मामीने मला फोन करून सांगितलं, बरा आहे.

निरोपसमारंभ ऑफिसच्या वरच्या मजल्यावर झाला. खुर्च्या कमी, माणसं जास्त. मामाच्या वरिष्ठ बाई बोलल्या, त्यांनी त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं आणि शेवटी हसत म्हणाल्या, "आणि यांच्या नंबराला भाग जात नाही, हे तर आपल्या सर्वांना पाठच आहे." लोक हसले. मामा उठला. अकरा पानं घडी करून खिशात तशीच होती, ती त्याने काढली नाही.

"भाग जातो," तो म्हणाला.

मागे कुणीतरी "काय म्हणाले?" असं विचारलं.

"सहाशे तेराने जातो. एकोणीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. मुद्दाम नाही, पण सांगत आलो. तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना मी वही दाखवली, त्यांची माफी मागतो." इथे जवळजवळ सगळ्यांनीच माना डोलावल्या, कारण वही न पाहिलेला माणूस त्या खोलीत नव्हता. "एकशे बारा भागाकार करून मला जे सापडलं नाही, ते आमच्या घरातल्यांना एका गुणाकारात सापडलं. मी त्यांच्या गुणाकाराला आयुष्यभर हसलो. तेही मागे घेतो."

पहिल्या रांगेत मामी मान खाली घालून बसली होती. ती रडत असावी, असं शेजारच्या बाईंना वाटलं. ती हसू दाबत होती, हे मी बाजूने बघत होते. अर्थात दोन्ही असू शकतं.

टाळ्या मात्र जोरात पडल्या. अकरा पानी भाषणाला इतक्या पडल्या नसत्या, हे मामीचं मत आहे आणि त्यात तथ्य आहे. चहाच्या वेळी वरिष्ठ बाई त्याच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "यादीत सध्या बरेच नंबर मोकळे आहेत. तुमच्यासाठी बदलून देते. खरी मूळ संख्या निवडा, हवा तेवढा वेळ घ्या."

मामाचे डोळे चमकले. मला ते दिसलं, मामीलाही दिसलं.

"काही नको," ती मध्येच म्हणाली. "माझ्या आईला हाच नंबर पाठ आहे. तिला नवा शिकवायला तुम्ही येणार का?"

नंबर तोच राहिला.

निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात मामाने घरातली सगळी कुलपं, घड्याळाच्या मागचे आकडे आणि शेजाऱ्यांच्या सायकलींचे नंबर तपासून संपवले. मग मामीने कारखान्यात सांगून त्याला आपल्या हाताखाली घेतलं, दिवसातून तीन तास, नमुन्यांच्या टेबलाशी. ती मापं काढायची, तो आकडे तपासायचा. इतक्या वर्षांत एकमेकांच्या कामाजवळ ते दोघे पहिल्यांदाच बसत होते.

दुसऱ्याच आठवड्यात एक शिंपी आला. दुकान बंद झालेल्या कुणाकडून त्याने स्वस्तात फरश्या उचलल्या होत्या, नऊशे सत्त्याण्णव. आणखी किती लागतील ते विचारायला आला होता. मामाने आकडा ऐकला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.

"यांचा आयत होणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "एक लांबलचक ओळ करा, नाहीतर लावूच नका. दुसरा मार्ग नाही."

शिंपी घाबरला. "म्हणजे फरश्या खराब आहेत का?"

"छे, छे! उत्तम आहेत. फारच उत्तम आहेत."

"अहो," मामी टेबलाच्या पलीकडून पाटीवरून नजर न उचलता म्हणाली, "त्यांना आणखी तीन द्या आणि पंचवीस गुणिले चाळीस लावायला सांगा."

मामा तीन फरश्या आणायला गोदामात गेला. बराच वेळ परत आला नाही. शिंप्याने विचारलं, काका कुठे अडकले? मामी म्हणाली, "काही नाही, पाठवलंय त्यांना मूळ संख्या मोडायला. जड जातंय."